पश्चिमेच्या खिडक्या आणि घरी शिवायचे पडदे

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. दिवाळीत आम्ही लातूरला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. हॉल आणि एक बेडरूम सरळ पश्चिमेला. बुकिंगच्या वेळी "संध्याकाळचा उजेड काय सुंदर येतो बघा" असं ऐकवलं होतं. तो उजेड आता मार्चमध्ये दुपारी तीनपासूनच यायलाय. सध्या खिळे ठोकून दोरीवर जुन्या चादरी टाकल्यात. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "घर घेतलं न् तंबू ठोकला."

रेडिमेड पडदे बघून आले. पाच फुटी आखूड पडतात, सात फुटी जमिनीला लागतात. मापाने शिवून घ्यायचे तर शिलाई, रिंगा, अस्तर धरून कापडाच्या दुप्पट आकडा सांगतात. माझ्याकडे माहेरची पायाची मशीन आहे. उशांचे अभ्रे, साडीला फॉल, लेकराचे झबले इतपत शिवण येतं. पडदा म्हणजे शेवटी चार सरळ शिलाया, असं मला वाटतंय.

खिडकी ४ फूट रुंद, साडेचार फूट उंच. कापड किती लागेल? कोणतं घ्यावं? आणि मुख्य म्हणजे, पडद्याने ऊन खरंच कमी होतं का, की नुसती शोभा?

झळा (धाराशिव)

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही. पडद्यानं उजेड थांबतो, ऊन थांबत नसतंय ताई. आमच्याकडं जाडजूड पडदे हायेत, तरी मे महिन्यात खिडकीजवळच्या पलंगावर कुणी झोपत नाही. पैसे घालायचेच तर बाहेरून शेडनेट बांधा. शेतीच्या दुकानात मीटरवर मिळती. दिसायला नर्सरी दिसंल, पण गार राहील.

बॉबिन (परभणी)

झळा, बाहेरची जाळी चांगलीच, पण तिसऱ्या मजल्यावर ती बांधायला कोण लटकणार? आणि रात्री दिवा लावल्यावर समोरच्या इमारतीला आपलं ताट दिसतं त्याचं काय? पडदा लागणारच आहे. तर तो उन्हाच्या हिशोबाने शिवावा, एवढंच.

ताई, आधी कापडाचं गणित. पडद्यात निम्मं काम तेच आहे, कात्री आणि मशीन नंतर. दुकानात "चार फुटी खिडकीला दोन पडदे" असं सरळ सांगतात, ते का ते बघा.

रॉड खिडकीएवढा घेऊ नका. दोन्ही बाजूंनी सहा-सहा इंच पुढे काढा, म्हणजे रॉड ६० इंच झाला. त्यामुळे बाजूच्या फटीतून ऊन येत नाही आणि सकाळी पडदा बाजूला केला की खिडकी पूर्ण मोकळी होते. पडद्याच्या कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, बहुतेक ४८ इंच असतो. दोन्ही कडांना एक-एक इंच दोनदा दुमडली की ४ इंच गेले, ४४ उरले. दोन पडद्यांचे ८८. म्हणजे ६० इंच रॉडवर साधारण दीडपट कापड. रिंगांच्या पडद्याला दीडपट म्हणजे कमीत कमी. त्याच्या खाली गेलात की पडदा ओढल्यावर ताणलेल्या चादरीसारखा सपाट दिसतो, लाटा पडत नाहीत. नेफ्याचा किंवा चुण्यांचा करायचा असेल तर दुप्पट ते अडीचपट धरा, तिथे तीन पन्हे लागतील.

आता लांबी. रॉड खिडकीच्या वर ६ इंच, खिडकी ५४ इंच, खाली कट्ट्याच्या ८ इंच पुढे. झाले ६८. खालची दुमड ४ इंचाची, दोनदा, म्हणजे ८. वरची दुमडही ४ इंचाची दोनदा, कारण आत बकरम (डोकं ताठ ठेवणारी कडक पट्टी) बसतो. ती आणखी ८. एकूण ८४. कापड सुती असेल तर आकसण्यासाठी शेकडा ५ जास्त धरा.

खालची दुमड एक इंचाची करून कापड वाचवू नका. पडद्याला वजन खालच्या दुमडीनेच येतं. आपल्याकडे संध्याकाळी वारा सुटला की हलका पडदा सरळ पंख्याकडे जातो.

दुधना (जालना)

बॉबिनकाकूंच्या हिशोबात एक भर. रिंगांच्या पडद्याचं डोकं रॉडच्या वर निघतं. रिंगेचा मध्य कापडाच्या वरच्या काठापासून २ इंचांवर येतो, म्हणून रॉडपासून ६८ हवे असतील तर तयार पडदा ७० चा लागेल. कापायची लांबी ८६ इंच, त्यात ५ टक्के मिळवले की ९० च्या थोडं वर. दोन पडद्यांना साडेचार मीटरपेक्षा जरा जास्तच होतं. दुकानदाराला पावणेपाच मीटर सांगा. मोठं डिझाइन असेल तर त्याहून जास्त, कारण दोन्ही पडद्यांवरची फुलं एका रेषेत यायला हवीत. एका पडद्यावर मोर डोळ्यासमोर आणि दुसऱ्यावर कमरेला, असं आमच्या नात्यात एका घरी आहे. कुणी काही बोलत नाही, पण बघतात सगळे.

मांजराकाठ (लातूर)

पावणेपाच मीटर लिहून घेतलं. मोर नकोच मग. साधं कापड बघते.

तापमापी (नांदेड)

शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून झळा यांच्या मुद्द्यावर थोडं लिहितो. ते अर्धे बरोबर आहेत.

ऊन काचेतून आत येतं आणि पडद्यावर पडतं, तेव्हा उष्णता घरात आलेलीच असते. पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीत सोडतो. तापलेल्या कापडातून निघणारी उष्णता काचेतून थेट बाहेर जात नाही, काच ती अडवते. म्हणून बाहेरची जाळी, तट्ट्या, वाळ्याची ताटी हे आतल्या पडद्यापेक्षा केव्हाही सरस. ऊन काचेपर्यंत पोचूच देत नाहीत ती.

पण सगळा प्रकाश उष्णता होऊन कापडात मुरायच्या आत काही भाग आल्या वाटेने काचेतून परत पाठवता येतो. त्यासाठी पडद्याची खिडकीकडची बाजू पांढरी हवी. खोलीकडून मरून लावा, निळा लावा, उन्हाला त्याचं काही नाही. पाठ पांढरी असली पाहिजे. झळा, तुमच्या पडद्यांची पाठ कोणत्या रंगाची आहे?

दुसरी गोष्ट वरच्या फटीची. पडदा आणि काच यांच्यातली हवा तापून वर चढते आणि पडद्याच्या डोक्यावरून खोलीत उतरते. खालून थंड हवा आत शिरते, तीही तापते. पडदा भिंतीला जितका चिकटून, वर जितका बंद, तितकी ही ये-जा कमी. जुन्या घरांत पडद्यावर लाकडी पेटी असायची, ती नुसती रॉड झाकायला नव्हती.

पश्चिमेच्या खिडकीला छज्जा का पुरत नाही, तेही सांगतो. आपल्याकडे मेच्या मध्याला सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर असतो, शून्य सावलीचा दिवस तेव्हाच येतो. त्या वेळी भिंतीवर ऊन जवळजवळ नसतंच. चारनंतर सूर्य उतरतो आणि छज्ज्याच्या खालून आडवा आत शिरतो. त्या वेळेसाठी छज्जा काही कामाचा नाही.

झळा (धाराशिव)

सर, उठून बघितलं. पाठ चॉकलेटी हाय. समोरूनही चॉकलेटी, मागूनही. दुकानदार म्हणला होता, मळत नाही.

तापमापी (नांदेड)

मळत नाही हे खरंच आहे. आता हेच पडदे ठेवून मागे पांढरं अस्तर लावता येईल. बॉबिनताई सांगतील.

बॉबिन (परभणी)

लावता येतं की. नवीन पडदे शिवायची गरज नाही. मांजरपाट आणा, धुऊन घ्या, कारण कोरा मांजरपाट बराच आकसतो. मग पडद्यापेक्षा एक इंच आखूड कापून फक्त वरच्या दुमडीत आणि दोन्ही कडांना जोडा. खालून मोकळं सोडा. खाली शिवलंत की दोन कापडं वेगवेगळी आकसतात आणि पडदा फुगून बसतो. मांजरपाट पूर्ण पांढरा नसतो, पिवळसर असतो, पण चॉकलेटीपेक्षा किती तरी बरा. पांढरं केसमेंट (पडद्यांचं साध्या विणीचं सुती कापड) मिळालं तर उत्तमच.

ब्लॅकआउटबद्दलही लिहिते, कारण ताई दुकानात गेल्या की ते पुढे करणारच. दोन प्रकार असतात. एकात विणीतच मधे काळं सूत असतं, ते कापड मऊ असतं, पडतं छान. दुसऱ्यात कापडाच्या मागे पांढरा लेप असतो. लेपाचं ऊन जास्त परतवतं, पण शिवताना सुईचं प्रत्येक भोक राहतं. चुकून शिलाई उसवली की ओळीने उजेडाचे ठिपके दिसतात. त्याला टाचण्या लावू नका, क्लिपा लावा. घडी घालून कपाटात दाबून ठेवलं की घडीवर लेप तडकतो, म्हणून उन्हाळा संपल्यावर गुंडाळून ठेवा.

गोलाईची_गिऱ्हाईक (लातूर)

मांजराकाठताई, कापडासाठी गंज गोलाईत जा. फिटिंगसह पडदे विकणाऱ्या दुकानांत नको, साध्या कापडवाल्यांकडे. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, एका रस्त्याने आत शिरलात की दुसऱ्याने बाहेर पडेपर्यंत भाव कळतात. पन्हा स्वतः मोजून बघा, टेप पर्समध्ये ठेवा. ४८ सांगतात आणि काठासकट ४६ भरतो.

आणि कापड उन्हात धरून बघा, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नको. दारात जा, दोन्ही हातांत ताणून सूर्याकडे धरा. विणीतून चाळणीगत उजेड दिसला तर मागे अस्तर लावावंच लागेल.

हिमरू_वेडी (छत्रपती संभाजीनगर)

सगळे अस्तर आणि बकरमवर बोलतायत, कुणी सुंदर दिसण्यावर बोलेल का? मी हॉलसाठी हिमरूचे पडदे करायचं म्हणते. आपल्या शहराचं कापड, आपल्याच खिडकीला. कुणी केलेत का?

दुधना (जालना)

हिमरूत सूत आणि रेशीम एकत्र विणलेलं असतं. उन्हाने रेशीम कमजोर होतं, रंगही उडतो. पश्चिमेच्या खिडकीला खरं हिमरू म्हणजे पैठणीचं पायपुसणं करण्यासारखं आहे. उत्तरेकडची खिडकी असेल, किंवा दोन खोल्यांमधल्या दाराला लावायचं असेल, तर जरूर करा. नाहीतर साध्या सुती पडद्याला वर एक वीतभर हिमरूची पट्टी लावा. डोळा तिथेच जातो आणि ऊन खाली साध्या कापडावर पडतं. शाल जुनी झाली असेल तर तिचा काठही वापरता येईल.

यंत्रमागावरचं हिमरूसारखं दिसणारं कापडही बाजारात भरपूर आहे, त्याला उन्हाचा एवढा त्रास नाही. फक्त ते हातमागाचं म्हणून हातमागाच्या भावाने घेऊ नका.

हिमरू_वेडी (छत्रपती संभाजीनगर)

पट्टीची कल्पना आवडली. दार उत्तरेला आहेच. दाराला पूर्ण, खिडक्यांना पट्टी.

गोदाकाठ (नांदेड)

खादीचा विचार करा की कुणीतरी. आमच्या नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचं कापड राष्ट्रध्वजासाठी जातं, आणि आम्ही पडद्याला पॉलिस्टर शोधत फिरतो. जाड खादीचा पडदा फार छान पडतो. पन्हा मात्र विचारून घ्या, ३६ इंचीही असतो. ६० इंच रॉडला मग तीन पन्हे लागतात. कडा दुमडून प्रत्येकी ३२, एकूण ९६, म्हणजे दीडपटीच्या थोडं वर, बरोबर बसतं. तिसरा पन्हा उभा मधोमध कापून दोन्ही पडद्यांना अर्धा-अर्धा जोडा आणि जोड बाहेरच्या कडेला घ्या, तिथे दिसत नाही. अर्धा-अर्धा इंच जोडात जाईल, तेवढं चालतं. गांधी जयंतीच्या सुमारास सूट असते, पण ताईंना तोवर थांबता येणार नाही हे दिसतंय.

चिंध्यांची_राणी (हिंगोली)

नवीन कापड घ्यायलाच कशाला पाहिजे? सुती साड्या काढा. साडी साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच. ८६ चे दोन पडदे कापले की ४४ इंच उरतात, त्यात उशीचा अभ्रा होतो. पन्हा ४५-४६ चा असतो आणि काठ आधीच तयार, म्हणून बाजूची दुमड वाचते. सात फुटी दाराला तर साडी बरोब्बर अर्धी होते. पदर खाली घ्या, दिसतो भारी.

आजीच्या नऊवारीचे करणार असाल तर आधी उन्हात धरून बघा. लुगडं मधे, बसायच्या जागी, विरलेलं असतं. काठाजवळचं कापड धडधाकट आणि मधलं जाळीसारखं असेल तर ते पडद्यासाठी घेऊ नका, त्याची वाकळच शिवा.

मांजराकाठ (लातूर)

माहेरी इरकलची लुगडी आहेत, पण आई देणार नाही. विचारलं तर म्हणते, "खिडकीला बांधायला दिली नव्हती मला माझ्या आईनं." बेडरूमला दोन जुन्या सुती साड्या, हॉलला केसमेंट आणि मागे पांढरं अस्तर, असं ठरतंय.

आता रॉड. वर लिंटेल (खिडकीवरची आडवी तुळई) आहे, मिस्त्री म्हणतो ड्रिल आत जात नाही.

काळा_दगड (बीड)

लिंटेल म्हणजे काँक्रीट. त्यात हॅमर ड्रिलच लागतंय, साधं ड्रिल नुसतं वरडतंय आणि बिट जळतंय. हॅमर ड्रिल भाड्यानं आणा, नाहीतर लिंटेलच्या वर विटांत भोक मारा. तसं केलं तर रॉड वर जाईल, मग कापडाची लांबी पुन्हा मोजा. कापड कापायच्या आधी ब्रॅकेट लागलेलं असावं हे बरं.

आमचं घर जुनं, काळ्या दगडाचं, मातीत बांधलेलं. तिथं प्लास्टिकची गुट्टी टिकत नाही. दगडात भोक पडत नाही आणि सांध्यात मारलं तर माती गळून गुट्टी हातात येती. आम्ही सांधा खरवडून लाकडी गुट्टी ठोकून बसवली, भोवती सिमेंट भरलं, वाळल्यावर स्क्रू मारला. जड पडदा लोंबतोय, हालत नाही. भिंतच दोन हात जाड, त्यामुळं आम्हाला पडदा उन्हासाठी नाही, फुफाट्यासाठी लागतो.

भाड्याच्या घरात मालक भोक मारू देत नसंल तर चौकटीच्या आत बसणारा ताणाचा रॉड मिळतो, किंवा जुनी पद्धत, स्प्रिंगची तार आणि दोन आकडे. हलक्या कापडालाच चालतंय ते. अस्तर लावलं की तार मधे झुलती.

कूलरवाली (परभणी)

एक राहिलंच. तुमच्याकडे कूलर आहे का? मराठवाड्यात कूलरचा विचार न करता पडदा शिवायचा म्हणजे ताट वाढून पाणी न ठेवणं. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, ती दुसरीकडून बाहेर गेली पाहिजे. समोरच्या खिडकीला अस्तराचा जाड पडदा ओढून ठेवलात की हवा तुंबते, खोली दमट होते, अंग चिकट होतं आणि लोक म्हणतात कूलर बिघडला. ज्या खिडकीतून हवा बाहेर काढायची तिला पातळ पडदा ठेवा, किंवा पडद्याला बांधायची पट्टी शिवा आणि कूलर चालू असताना एक बाजू बांधून ठेवा.

कूलर ज्या खिडकीत असेल तिथे सुती पडदा सतत ओलसर राहतो, खाली काळे बुरशीचे ठिपके येतात. तिथे पॉलिस्टर घ्या, लवकर वाळतं. पडदा वरून कूलरच्या डोक्यापर्यंतच ठेवा, पंख्याच्या जाळीसमोर कापड येता कामा नये.

मांजराकाठ (लातूर)

कूलर हॉलच्या दुसऱ्या खिडकीत येणार आहे. म्हणजे पश्चिमेच्या खिडकीतूनच हवा बाहेर जाणार आणि तिलाच अस्तर! आता?

तापमापी (नांदेड)

दुसरी कुठली खिडकी किंवा दार उघडं ठेवता आलं तर पश्चिमेची बंदच राहू द्या. स्वयंपाकघराची खिडकी चालेल, हवा तिथून निघाली तर फोडणीचा धूरही घेऊन जाईल. तीन ते सहा या वेळेत पश्चिमेचा पडदा हलवू नका.

बॉबिन (परभणी)

आता शिवण्याकडे या, नाहीतर पावसाळा लागेल.

सुती कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, न पिळता वाळवा, ओलसर असतानाच इस्त्री करा. मीठ घालायची गरज नाही. कारखान्यात पक्का झालेला रंग मिठाने आणखी पक्का होत नाही आणि कच्चा असेल तर मीठ त्याला थांबवत नाही. मग कापायचं. पट्टी लावून रेघ मारू नका. काठाजवळ छोटा चिरा द्या, एक आडवं सूत नखाने धरून हळूहळू ओढा. कापड चुरगळत जातं, सूत निघतं आणि पन्हाभर बारीक मोकळी रेषा दिसते. कात्री त्या रेषेवरून चालवा. हे जमलं की पडदा एका कोपऱ्यात लोंबत नाही. ब्लॅकआउटचं सूत निघत नाही, तिथे मात्र गुण्या (काटकोनी पट्टी) लावावा लागतो.

काठ घट्ट विणलेला असतो, तो दुमडीत घेतला तर धुतल्यावर कड आवळते. काठ कापून टाका, किंवा वीतभर अंतरावर तिरके चिरे द्या. साडीचा काठ राहू द्या, तो शोभेचा आहे.

आधी बाजू, मग वर बकरम, मग रिंगा. खालची दुमड सगळ्यात शेवटी. पडदा रॉडवर चढवा, चार-आठ दिवस तसाच लोंबू द्या. कापड आपल्या वजनाने उतरतं, विरळ विणीचं जास्त. मग जमिनीपासून मोजून टाचण्या लावा आणि दुमड घाला. जाड थरांवर १६ नंबरची सुई, टाका मोठा. बकरमच्या कोपऱ्यात पायाची मशीन अडली तर चाक हाताने फिरवा, पायाने जोर लावलात तर सुई मोडते.

मांजराकाठ (लातूर)

काकू, रिंगा दुकानात बसवून घ्यायच्या का घरी?

बॉबिन (परभणी)

धातूच्या असतील तर दुकानात, त्याला साचा आणि ठोकायचं यंत्र लागतं. प्लास्टिकच्या दाबून बसणाऱ्या घरी होतात. एका पडद्याला आठ रिंगा. संख्या सम हवी, म्हणजे पहिली आणि शेवटची कड दोन्ही भिंतीकडे वळतात. सात किंवा नऊ लावल्यात तर एक कड खोलीत तोंड काढून उभी राहते. पहिली रिंग कडेपासून २ इंचांवर, शेवटचीही. मधे ४० इंच उरले, सात भाग, प्रत्येक पावणेसहाला किंचित कमी. टेपने मोजत बसण्यापेक्षा ४० इंचांची कागदी पट्टी कापा आणि तिला सात समान घड्या घाला.

रिंगेचे दोन भाग असतात. मागचा भाग ठेवून आतल्या गोलावर पेन्सिल फिरवा. भोक थेट गोल कापू नका. आधी मधे अधिक-चिन्हासारखे दोन चिरे द्या, मग छोट्या कात्रीने चार पाकळ्या रेषेपर्यंत कापा. भोक नेमकं रेषेवर, फार मोठं नको, नाहीतर बकरम रिंगेतून निसटतो. आतली बाजू खाली ठेवून दोन्ही अंगठ्यांनी समोरासमोर दाबा, टक आवाज चारही बाजूंनी आला पाहिजे.

मांजराकाठ (लातूर)

हॉलचे दोन पडदे लागले! रॉड लिंटेलच्या वर गेला, काळा_दगड काकांचं ऐकून ब्रॅकेट आधी लावलं, त्यामुळे आकसण्याचे ५ टक्के सोडून लांबी ८६ ची ९२ झाली आणि कापड पावणेपाचऐवजी पाच मीटर आणावं लागलं. पांढरं अस्तर मागे, खालून मोकळं. खालची दुमड अजून टाचण्यांवर आहे, लोंबू देते. चार वाजता पडद्याच्या आत हात घालून बघितला तर काचेकडे चटका बसतो आणि खोलीकडच्या कापडाला हात लावला तर नुसतं कोमट. सासूबाईंनी खुर्ची परत खिडकीजवळ नेली.

झळा (धाराशिव)

अभिनंदन ताई. मी पण मांजरपाट आणून भिजवलाय. बायको म्हणती, आधी एका पडद्याला लावून बघू, फरक पडला तर बाकीच्यांचं बघू. जाळी बांधणारच हाय, ती माझी.

फुफाटा (हिंगोली)

धुण्याचं बोला. आमच्याकडं रस्त्यालगत घर, बोअरचं पाणी. पांढरं अस्तर दोन धुण्यांत राखाडी होईल.

चिंध्यांची_राणी (हिंगोली)

बोअरच्या जड पाण्यात साबणाचा चोथा कापडात बसतो, त्याने अस्तर राखाडी आणि कडक होतं. साबणाची वडी नको, पावडर किंवा लिक्विड वापरा, तेही कमी, आणि शेवटचं खळबळणं शक्य असेल तर पावसाच्या किंवा नळाच्या पाण्यात. मुळात पडदे वारंवार धुऊच नका. आठवड्याला व्हॅक्युम, नाहीतर रॉडवरून उतरवून गच्चीत झटका. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी यायचं, तेव्हा तिथल्या माझ्या बहिणीने वर्षभर पडदे झटकूनच वापरले. कुणाला कळलं नाही. अस्तर वेगळं ठेवायचं असेल तर ते वरच्या दुमडीत शिवू नका, आतून बटणं लावा. मग नुसतं अस्तर काढून धुता येतं.

हिमरू_वेडी (छत्रपती संभाजीनगर)

बटणं किती अंतरावर? वरच्या बकरममधून बटणाचं काज करायचं म्हणजे हाताला फोड.

बॉबिन (परभणी)

काज अस्तराला, बटण बकरमला. दोन रिंगांच्या मधे एक-एक. अस्तर पातळ असतं, काज सहज होतं. बटण फक्त मागच्या थराला टाचा, पुढे दोरा दिसता कामा नये.

हिमरू_वेडी (छत्रपती संभाजीनगर)

हे नवीन कळलं. गुलमंडीत जाते आहेच पट्टीसाठी, बटणं पण आणते. बाल्कनीचं सरकतं दार आहे, त्याला रॉड भिंतीवर लावू की छताला?

काळा_दगड (बीड)

छताला. सरकत्या दाराच्या वर भिंत थोडीच उरती, आणि पडदा छतापासून निघाला की वरची फट राहत नाही, सर म्हणले तसं. फक्त पीओपीच्या छताला ब्रॅकेट मारू नका. वर स्लॅबपर्यंत लांब स्क्रू गेला पाहिजे, पीओपीच्या मागं लाकूड हाय का ते ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर जागा बदला.

हिमरू_वेडी (छत्रपती संभाजीनगर)

ठोकलं. एका बाजूला पोकळ, एका बाजूला भरीव. मिस्त्रीला रविवारी बोलावते.